मूलपेशी आणि त्यांचे उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूलपेशींविषयी विचारणा करणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात. काहींच्या घरात रक्ताचा गंभीर आजार असतो आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपण सुचवलेले असते. काहींच्या घरी बाळ येणार असते आणि नाळेचे रक्त साठवावे की नाही, हे त्यांना ठरवायचे असते. उरलेल्यांनी गुडघेदुखी, पाठीच्या कण्याची इजा किंवा मुलाचा ऑटिझम यांवरच्या इंजेक्शनाची जाहिरात वाचलेली असते. तिघेही 'स्टेम सेल' हाच शब्द वापरतात, पण त्या शब्दामागचा पुरावा तिन्ही ठिकाणी सारखा नाही. म्हणून पुढील प्रत्येक उत्तरात कोणती पेशी, कुठून घेतलेली आणि कोणत्या आजारासाठी, याकडे लक्ष ठेवून वाचावे.

मूलपेशी म्हणजे नेमके काय?

शरीरातील बहुतेक पेशी एकाच कामाला वाहिलेल्या असतात. हृदयाच्या स्नायूतील पेशी आकुंचन पावते, लाल रक्तपेशी प्राणवायू वाहून नेते आणि या पेशींना आपले काम सोडून दुसरे काही होता येत नाही. मूलपेशीचे तसे नसते. ती विभागून आपल्यासारखीच दुसरी मूलपेशी तयार करू शकते आणि गरज पडेल तेव्हा विशिष्ट कामाची पेशीही घडवू शकते. हे दोन्ही गुण असतील तरच त्या पेशीला मूलपेशी म्हणतात.

या कामाची व्याप्ती रक्तात सर्वांत चांगली दिसते. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेला, म्हणजे बोन मॅरोला, रोज सुमारे २०,००० कोटी नव्या लाल पेशी तयार कराव्या लागतात. हा सारा कारखाना मज्जेतील अगदी थोड्या मूलपेशींच्या जिवावर चालतो. त्या अस्तित्वात आहेत हे टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ पासूनच्या प्रयोगांत दाखवले. ज्या उंदरांची मज्जा किरणोत्सर्गाने निकामी केली होती, त्यांना त्यांनी निरोगी उंदरांच्या मज्जेतील पेशी टोचल्या. काही दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी आल्या. गाठींची संख्या टोचलेल्या पेशींच्या प्रमाणात होती आणि प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली निघाली.

मूलपेशींचे प्रकार कोणते?

उपचाराच्या दृष्टीने तीन प्रकार ठाऊक असले तरी पुरे. पहिल्या प्रकारच्या पेशी प्रौढ शरीरातच असतात : मज्जेत, त्वचेच्या खालच्या थरात, आतड्याच्या अस्तरात, डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला. त्यांचा आवाका मर्यादित असतो. रक्ताची मूलपेशी रक्तच बनवते, मेंदू किंवा कूर्चा बनवत नाही. हे साधे वाक्य लक्षात ठेवले तर अर्ध्या जाहिराती आपोआप निकालात निघतात.

दुसऱ्या प्रकारच्या पेशी फलनानंतर सुमारे पाच दिवसांच्या भ्रूणातून मिळतात आणि त्यांच्यापासून शरीरातील कोणतीही ऊती तयार होऊ शकते. मानवी भ्रूणातून अशा पेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवण्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांना १९९८ मध्ये यश आले.

तिसरा प्रकार माणसाने घडवलेला आहे. जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचापेशींमध्ये चार जनुके कार्यान्वित करून त्यांना भ्रूणपेशींसारख्या अवस्थेत परत नेले. या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. यामानाका यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासोबत मिळाले. मूळ चार जनुकांपैकी एक कर्करोगाशी संबंधित होते, ही गोष्ट पुढे धोक्यांचा विचार करताना आठवावी.

आज कोणत्या आजारांवर हा उपचार खात्रीचा मानला जातो?

मुख्यतः रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवर. रक्ताचे काही कर्करोग (ल्युकेमिया, लिम्फोमा, मल्टिपल मायलोमा), मज्जा निकामी होण्याचा आजार, थॅलेसेमिया, सिकल सेल आणि प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात दोष यांवर रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण जगभर नित्याने केले जाते. डॉ. ई. डोनॉल थॉमस यांनी या पद्धतीचे पहिले प्रयत्न १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. सुरुवातीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले, तरीही ते काम पुढे चालू राहिले आणि १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळाले. आजच्या भरवशामागे ही कित्येक वर्षांची मेहनत आहे. नव्या उपचाराला 'चमत्कार' म्हणण्याची घाई करणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

यातही दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. मायलोमात सहसा रुग्णाच्याच मूलपेशी आधी काढून गोठवतात, मग केमोथेरपीचा इतका मोठा डोस देतात की त्याने मज्जाही नष्ट होते आणि त्यानंतर साठवलेल्या पेशी परत देऊन मज्जा पुन्हा उभी करतात. येथे आजाराशी लढते ते औषध. मूलपेशी रुग्णाला औषधाच्या तडाख्यातून सावरतात. ल्युकेमियात दात्याच्या पेशी दिल्या जातात, तेव्हा मात्र दात्याची प्रतिकारशक्ती उरल्यासुरल्या कर्करोगपेशींना परके समजून मारते. तोच उपचाराचा मोठा भाग असतो.

रक्ताबाहेरही काही ठिकाणी यश ठामपणे सांगता येते. रसायनाने किंवा आगीने डोळा भाजल्यावर बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी नष्ट होतात. अशा वेळी रुग्णाच्या निरोगी भागातील पेशी वाढवून लावण्याच्या उपचाराला युरोपीय संघाने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्वचेचा जन्मजात फोड येण्याचा आजार असलेल्या एका मुलाच्या शरीरावरील सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा, जनुकीय दुरुस्ती केलेल्या त्याच्याच पेशींपासून वाढवून बसवल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सिकल सेल आणि थॅलेसेमियासाठी रुग्णाच्याच रक्त-मूलपेशींत क्रिस्पर या जनुक-दुरुस्तीच्या तंत्राने बदल करून त्या परत देण्याच्या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने जगात प्रथम परवानगी दिली.

मज्जा प्रत्यारोपण ही शस्त्रक्रिया असते का?

रुग्णापुरते बोलायचे तर नाही, आणि हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पेशी द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात गोठवलेल्या असतील, तर त्यांची पिशवी सुमारे ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि रक्त चढवावे तशी छातीतील मध्यवर्ती नळीवाटे चढवतात. गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून घातलेले डीएमएसओ नावाचे रसायन रुग्णाच्या श्वासावाटे बाहेर पडते. त्यामुळे खोलीत लसणासारखा किंवा शिजवलेल्या मक्यासारखा वास भरतो आणि तो एक-दोन दिवस टिकतो. नातेवाइकांना त्या दिवसाचे पुढे काही आठवत नसले तरी हा वास आठवतो. चढवलेल्या पेशी रक्तातून फिरत आपणहून मज्जेत पोहोचतात आणि तेथे रुजतात.

कठीण भाग या दिवसाच्या आधी आणि नंतर येतो. आधी अनेक दिवस केमोथेरपी आणि काही वेळा किरणोपचार असतात. नंतर नव्या मज्जेतून पांढऱ्या पेशी दिसू लागेपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे जातात. या काळात रुग्णाला स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. तोंडात व्रण येऊन गिळणे कठीण होते, ताप आला की तासाभरात प्रतिजैविके सुरू करावी लागतात आणि रक्त व प्लेटलेट वारंवार चढवावे लागतात. रोज सकाळी येणाऱ्या रक्ततपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा वर सरकला का, एवढेच घरातले सगळे विचारत असतात.

सिद्ध झालेल्या प्रत्यारोपणातही धोका असतो का?

असतो, आणि तो लहान नाही. संसर्गाचा उल्लेख वर आलाच आहे. दात्याच्या पेशी घेतल्या असतील तर आणखी एक धोका असतो : दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या शरीरालाच परके समजून त्याची त्वचा, आतडे आणि यकृत यांच्यावर हल्ला करतात. पुरळ, जुलाब आणि कावीळ ही त्याची ठळक लक्षणे आहेत. याचे दीर्घकालीन रूप वर्षानुवर्षे टिकू शकते. कर्करोगाला मारणारी प्रतिकारशक्ती आणि रुग्णाला छळणारी प्रतिकारशक्ती एकच असल्यामुळे डॉक्टरांना तिला पुरती दाबताही येत नाही आणि मोकळीही सोडता येत नाही. मज्जा न रुजणे, यकृतातील बारीक रक्तवाहिन्या बंद होणे, वंध्यत्व येणे आणि पुढे दुसरा कर्करोग होणे हे धोकेही आहेत. प्रत्यारोपणातील गुंतागुंतीमुळे काही रुग्ण दगावतात. म्हणूनच आजार स्वतः प्राणघातक किंवा आयुष्य खुंटवणारा असेल, तेव्हाच हा मार्ग सुचवला जातो. मूल होऊ देण्याची इच्छा असेल तर शुक्राणू, बीजांडे किंवा भ्रूण साठवण्याविषयी केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच विचारावे. नंतर विचारून उपयोग होत नाही.

दात्याला किती त्रास होतो? जुळणारा दाता मिळतो का?

बहुतेक वेळा आता मज्जा काढावीच लागत नाही. दात्याला चार-पाच दिवस वाढ-घटकाची इंजेक्शने देतात, त्यामुळे मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात आणि एका हातातून रक्त घेऊन, यंत्राने मूलपेशी वेगळ्या करून, उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. यात काही तास बसावे लागते. त्या दिवसांत हाडे ठणकतात, फ्लूसारखी कणकण वाटते आणि बहुधा वेदनाशामक गोळीने भागते. काही रुग्णांसाठी मात्र भूल देऊन कंबरेच्या हाडातून मज्जाच काढतात. दात्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते आणि या प्रक्रियेत पाठीच्या कण्याला हात लावला जात नाही.

जुळणी पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणांवरून ठरते. मुलाला या खुणांचा अर्धा संच आईकडून आणि अर्धा वडिलांकडून मिळतो, त्यामुळे सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. भावंड जुळले नाही तर दात्यांच्या नोंदवह्यांतून परका दाता शोधतात किंवा अर्धे जुळणारे आई-वडील, मूल अथवा भावंड घेतात. अर्धजुळणीचे प्रत्यारोपण पूर्वी फार धोक्याचे होते. प्रत्यारोपणानंतर ठरावीक दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारपेशींना आवरणारे औषध देण्याची पद्धत आल्यापासून ते बरेच सुरक्षित झाले आहे.

बाळाच्या नाळेतील रक्त साठवून ठेवावे का?

नाळेच्या रक्तात खरोखरच रक्त बनवणाऱ्या मूलपेशी असतात. १९८८ मध्ये पॅरिस येथे एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया हा मज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार असलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देऊन असे पहिले प्रत्यारोपण यशस्वी केले. येथे रक्त बहिणीचे होते, रुग्णाचे स्वतःचे नव्हते.

खासगी बँका बाळाचे रक्त त्याच्याचसाठी राखून ठेवण्याचे शुल्क घेतात आणि त्याला 'जैविक विमा' म्हणतात. ही उपमा मला पटत नाही. बाळाला पुढे थॅलेसेमिया किंवा दुसरा आनुवंशिक आजार निघाला, तर तोच दोष साठवलेल्या रक्तातही असणार. बालपणी ल्युकेमिया झाला, तर त्याची पूर्वरूपे जन्मावेळच्या रक्तातही असू शकतात. शिवाय त्यात कर्करोगपेशींना परके समजून मारणारी, दात्याच्या पेशींची ती झुंजार ताकद नसते. एका नाळेतून मिळणारे रक्त थोडे असते आणि प्रौढ माणसाला त्यातील पेशी अनेकदा अपुऱ्या पडतात. घरात आधीच एखाद्या मुलाला प्रत्यारोपणाने बरा होऊ शकणारा आजार असेल, तर धाकट्या भावंडाचे रक्त साठवण्याला निश्चित अर्थ आहे आणि तेथे उपचार करणारे डॉक्टरच तसे सुचवतात. एरवी सार्वजनिक बँकेत दान करण्याची सोय असेल तर ते रक्त कोणाच्या तरी कामी येण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

गुडघा, पाठ, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी यांवरच्या इंजेक्शनांचे काय?

या इंजेक्शनांमध्ये बहुधा चरबीतून, मज्जेतून किंवा नाळेतून घेतलेल्या 'मेझेन्कायमल' पेशी असल्याचे सांगितले जाते. त्यांना 'मेझेन्कायमल स्टेम सेल' हे नाव अमेरिकी शास्त्रज्ञ आर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये रूढ केले. त्याच कॅप्लन यांनी २०१७ मध्ये हे नाव बदलण्याचे आवाहन केले, कारण शरीरात टोचल्यावर या पेशी नवी ऊती बनवत नाहीत. त्या आसपासच्या पेशींना रासायनिक संदेश देतात. नाव देणाऱ्यानेच नाव मागे घ्यावे, असे विज्ञानात क्वचित घडते. जाहिरातींनी मात्र जुने नाव सोडलेले नाही.

या पेशी शिरेतून दिल्या तर बहुतेक आधी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. त्या मेंदूत जाऊन नवे चेतातंतू विणतील, हे चित्र कल्पनेतले आहे. गुडघ्याच्या झिजेवर वेगवेगळ्या पेशींची इंजेक्शने आणि साधे स्टेरॉइडचे इंजेक्शन यांची तुलना करणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. वर्षानंतर वेदनेच्या बाबतीत पेशी सरस ठरल्या नाहीत. ऑटिझम असलेल्या मुलांना नाळेचे रक्त देऊन केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही मुख्य निकषावर फायदा दिसला नाही. इंजेक्शनानंतर बरे वाटल्याचे सांगणारे लोक खोटे बोलतात असे नाही. सांध्याचे दुखणे स्वभावतःच कमीजास्त होत असते, फार दुखत असतानाच माणूस उपचाराला जातो आणि मोठी रक्कम मोजल्यावर आशाही मोठी असते. म्हणूनच तुलनेचा गट असलेल्या चाचण्या घ्याव्या लागतात.

याच पेशी योग्य ठिकाणी उपयोगी पडू शकतात, हेही सांगितले पाहिजे. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशींनी शरीरावर केलेला हल्ला स्टेरॉइडला दाद देत नाही अशा मुलांसाठी, मेझेन्कायमल पेशींच्या एका औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.

पेशी माझ्याच असतील तर धोका कसला?

हा युक्तिवाद सर्वाधिक ऐकू येतो आणि सर्वाधिक फसवा आहे. पेशी स्वतःच्या असल्या तरी त्या शरीरात कुठे सोडल्या, हे महत्त्वाचे असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय वृत्तांतात अमेरिकेतील तीन स्त्रियांची हकीकत आहे. वयोमानाने दृष्टिपटल झिजत असलेल्या या स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या, तेही दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. त्यानंतर डोळ्यांत रक्तस्राव झाला, दृष्टिपटल सुटले आणि त्यांची उरलेली दृष्टीही जवळजवळ गेली. सावध नेत्रतज्ज्ञ नवा उपचार आधी एकाच डोळ्यावर करून पाहतो. दोन्ही डोळ्यांना एकदम हात घातला, एवढ्यावरूनच ते केंद्र कशा प्रकारचे होते हे कळते.

दुसरी हकीकत कण्याला इजा झालेल्या तरुणीची आहे. तिच्याच नाकातील अस्तराच्या पेशी तिच्या कण्यात बसवल्या गेल्या. सुमारे आठ वर्षांनी पाठदुखी वाढली म्हणून तपासले, तेव्हा तेथे गाठ वाढलेली होती आणि तिच्यात शेंबडासारखा दाट द्रव साठला होता. नाकाच्या पेशी कण्यातही नाकाचेच काम करत होत्या. परक्या पेशींच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. मेंदूत आणि कण्यात गर्भाच्या चेतापेशी टोचलेल्या एका मुलाला काही वर्षांनी गाठी झाल्या आणि त्या दात्याच्या पेशींपासूनच वाढल्याचे २००९ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. नाळेपासून बनवलेल्या उत्पादनांच्या बाटल्या दूषित निघून रुग्णांच्या रक्तात आणि सांध्यांत जंतुसंसर्ग झाल्याच्या घटना अमेरिकेत २०१८ मध्ये नोंदल्या गेल्या.

मधुमेह, पार्किन्सन आणि अंधत्व यांवरचे संशोधन कुठवर आले आहे?

खरी उत्सुकता येथे आहे. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. भ्रूण-मूलपेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या अशा पेशी पूर्ण मात्रेत दिलेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षाअखेर इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा आनंदाचा आहे, पण गट लहान होता आणि या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवावी लागतात. ज्याची साखर इन्सुलिनने नीट आटोक्यात आहे, त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचा नाही. पार्किन्सनवरच्या जपान व उत्तर अमेरिकेतील दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्षही २०२५ मध्ये आले. त्यांतून प्रामुख्याने सुरक्षिततेविषयी दिलासा मिळाला. गुण किती येतो, हे ठरवायला मोठ्या चाचण्या लागतील.

जपानमधील कोबे येथे २०१४ मध्ये एका रुग्णेच्या डोळ्यात तिच्याच आयपीएस पेशींपासून बनवलेला पटल प्रथमच बसवला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळताच संशोधकांनी ते प्रत्यारोपण थांबवले. माझ्या मते या संशोधनावर विश्वास ठेवायला पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा हे थांबणेच अधिक मोठे कारण आहे.

भ्रूणपेशी वापरण्याला विरोध का होतो?

पाच दिवसांच्या भ्रूणातून पेशी काढल्या की त्याची वाढ संपते. त्याला माणसाचा दर्जा द्यायचा का, याविषयी धर्म आणि कायदे यांची मते वेगवेगळी आहेत. हे भ्रूण सहसा वंध्यत्वावरील उपचारांतून उरलेले आणि जोडप्याच्या लेखी संमतीने दिलेले असतात. आयपीएस पेशींमुळे या वादाची धार कमी झाली, पण वाद मिटलेला नाही.

उपचार सुचवणाऱ्या केंद्राला काय विचारावे?

पेशी कोणत्या, कुठून घेतल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या का, शरीरात गेल्यावर त्या नेमके काय करतील आणि किती दिवस टिकतील, हे आधी विचारावे. एकच इंजेक्शन दमा, संधिवात, मधुमेह आणि सुरकुत्या या साऱ्यांवर चालते असे उत्तर आले, तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज नाही. या आजारासाठी या उत्पादनाला औषध नियामकाची मान्यता आहे का, हे लेखी मागावे. 'आमची चाचणी आंतरराष्ट्रीय नोंदवहीत आहे' हे उत्तर पुरेसे नाही, कारण अशा नोंदवहीत नाव घालता येणे म्हणजे कोणी ती चाचणी तपासून मान्य केली असे होत नाही. नैतिकता समितीची परवानगी आणि संमतीपत्र घरी नेऊन वाचायला मागावे. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेतले जात नाहीत. लाखोंची रक्कम आगाऊ मागून तिला 'संशोधनात सहभाग' म्हटले जात असेल, तर तेथून उठून यावे.

असा उपचार आधीच घेऊन झाला असेल तर आता काय करावे?

संकोच न करता आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावे. रुग्ण ही गोष्ट लाजेपोटी लपवतात आणि पुढे उद्भवणाऱ्या तक्रारींचे मूळ सापडत नाही. कोणत्या तारखेला, शरीराच्या कोणत्या भागात, कोणत्या स्रोताच्या पेशी दिल्या, बाटलीवरचा बॅच क्रमांक काय होता, ही माहिती आणि पावत्या जपून ठेवाव्यात. केंद्राकडून ती लेखी मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. ताप, टोचलेल्या जागी सूज किंवा पू, दृष्टीत अचानक बदल, धाप लागणे किंवा हातापायांत नवी कमजोरी यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कण्यात किंवा मेंदूत पेशी टोचल्या असतील तर काहीही त्रास नसताना देखील पुढील अनेक वर्षे ठरावीक काळाने एमआरआय करावा का, हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून ठेवावे. नाकाच्या पेशींची ती गाठ दिसायला आठ वर्षे लागली होती.